कितव्यांदा?

गेल्या दिवाळीत माझ्या खालच्या उजव्या दाढेने बुंदीच्या लाडवापुढे हात टेकले. लाडू कडक होता असे मी मुळीच म्हणणार नाही. लाडवांची कर्ती दिवाळी अंक माझ्याआधी वाचते, आणि लाडू यंदाही व्हायचे आहेत. तेव्हा दाढच पोचट निघाली असे म्हणू. दोन दिवस लवंगेच्या तेलाचा बोळा धरला, तिसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, चौथ्या रात्री घरातल्या सगळ्यांना जागे ठेवले, आणि भाऊबीज उरकताच दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन आडवा झालो.

ही दंतवैद्य म्हणजे एके काळची माझी विद्यार्थिनी. अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. निबंध चांगला लिहायची, पण ऱ्हस्वदीर्घाशी तिचे हाडवैर. त्यापायी मी तिचे अर्धे-अर्धे गुण किती कापले असतील त्याला गणती नाही. तिला ते आठवत होते की नाही, कोण जाणे. तिच्या हातात सुई आणि माझा जबडा उघडा, अशा स्थितीत विचारायचा धीर मला झाला नाही. बाकी ती अगदी आदराने वागली. "सर, दुखलं तर डावा हात वर करा," म्हणाली. आयुष्यभर मुलांना हात वर करायला सांगणाऱ्या माणसावर ही वेळ आली.

दाढ वाचवायची तर रूट कॅनल करावे लागेल असे ठरले. आता हा शब्द घरोघरी झाला आहे, पण आत नेमके काय करतात ते खुर्चीत पडलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. दाढेच्या पोटात, मुळांच्या टोकांपर्यंत गेलेल्या बारीक नळ्या असतात. त्यांतला मऊ भाग सडला की तो काढून टाकायचा, नळ्या घासून-धुऊन स्वच्छ करायच्या, वरून खाली निमुळत्या होत जातील अशा बेताने रुंद करायच्या आणि मग कायमच्या भरून टाकायच्या. खालच्या पहिल्या दाढेला मुळे दोन आणि नळ्या बहुधा तीन असतात. या नळ्या सरळ असत्या तर काम सोपे होते. पण त्या झाडाच्या मुळासारख्याच असतात. ज्याला जिकडे वाट मिळाली तिकडे तो वळला.

नळी घासायच्या हत्याराला फाइल म्हणतात. फाइल म्हणजे कानस. सुताराची कानस डोळ्यांपुढे आणू नका. ही टाचणीएवढी असते, अंगावर बारीक पीळ असतो आणि मागे रंगीत मूठ असते. जांभळी मूठ १० नंबरची. तिचे टोक मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाड, म्हणजे चांगल्या दाट केसाएवढे. मग १५ ची पांढरी, २० ची पिवळी, २५ ची लाल. आधी या बारीक फाइली हाताने फिरवून वाट काढतात, आणि मग मोटारीवर फिरणाऱ्या फाइली घालतात. आमच्या कॉलेजात फाइल म्हणजे जी जागची हलत नाही ती. इथली फाइल मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेते, हे ऐकून मला प्रथम दंतवैद्यकाबद्दल आदर वाटला.

मग तिने खर्चाचा आकडा सांगितला आणि माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. "ओळखीच्यांना काही सवलत?" मी विचारले. ती हसली. "बघते, सर, काहीतरी." मी खूश झालो. सवलत मिळाली की ती कुठून आली हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर कुठल्या जुडीतली, हे कोण विचारतो?

दुसऱ्या बैठकीला मोटारीचा तो गुणगुणता आवाज चालू असताना मध्येच थांबला. तिने फाइल बाहेर काढली, दिव्याकडे धरली आणि छोट्या पट्टीला लावून मोजली. खोलीत कोणी काही बोलेना. वर्गात पाठ चुकलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते तिच्या चेहऱ्यावर दिसले. एक्स-रे काढला, तो समोरच्या पडद्यावर आला. दाढेच्या पुढच्या मुळात एक आखूड पांढरी रेघ होती, टाक घसरून उमटावी तशी.

"सर, फाइलचं टोक तुटून आत राहिलंय. साधारण तीन मिलिमीटर."

वाचकहो, ती हे बोलली नसती तरी चालले असते. नळीत शेवटी जे भरतात तेही एक्स-रेत पांढरेच दिसते. माझ्यासारख्याला त्या पांढऱ्यातले हे पांढरे जन्मात ओळखता आले नसते. पण ती बोलली, आणि बोलताना तिने नजर खाली घातली नाही. तिच्या कापलेल्या सगळ्या अर्ध्या गुणांची मला त्या क्षणी लाज वाटली.

पण माणसाचा स्वभाव बघा. कापसाच्या बोळ्यातून माझ्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडला तो असा: "माझ्याच दाढेत कशी तुटली? इतकी कठीण आहे माझी दाढ?"

"तुमच्या दाढेत तुटली, सर," ती म्हणाली, "पण तुमच्या एकट्या दाढेमुळे तुटली असं नाही."

मग तिने टेबलावरचे फाइलीचे पाकीट उचलून मला दाखवले. त्यावर पेनाने चार उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक दाढ. मी पाचवा. "भिंगातून पाहिली होती. अगदी चांगली दिसत होती. पण नवी काढायला हवी होती." इतकेच ती म्हणाली. नवी का काढली नाही, ते तिने सांगितले नाही. मला मात्र माझी कोथिंबीर आठवली. नवे पाकीट फोडावे की नाही, असा क्षणभर विचार तिच्या मनात आला असेल, तर त्या क्षणी माझी घासाघीस तिच्या कानात वाजली नसेल असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

वाचकांनी घाबरून जाऊ नये. तुटका तुकडा आत राहिला म्हणजे दाढ गेली असे नव्हे. तुकडा स्वतः फारसा त्रास देत नाही. त्याच्या पलीकडे घाण उरली आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. तुकडा काढायचा प्रयत्न करता येतो, पण त्यासाठी दाढेचा निरोगी भाग कोरावा लागतो आणि तो सौदा कधी कधी महागात पडतो. तिने तुकड्याच्या कडेने हाताची बारीक फाइल सरकवून पलीकडची वाट साफ केली आणि नळी भरून टाकली. त्यानंतर दोन-तीन वेळा मला जावे लागले. त्या भेटींत आमच्या भूमिका पुरत्या बदलल्या: ती शिकवत होती आणि मी आ वासून ऐकत होतो.

पूर्वी या फाइली पोलादाच्या असत. १८३८ साली मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून असले पहिले हत्यार केले, असे या शास्त्राच्या इतिहासात सांगतात. पुढे न गंजणारे पोलाद आले. पण पोलाद ताठ. वाकड्या नळीत घातले की ते सरळ व्हायला बघते आणि वळणाची बाहेरची बाजू कोरून काढते. १९८८ साली वालिया व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या फाइली करून पाहिल्या. हा मिश्रधातू मूळचा अमेरिकन नौदलाच्या एका प्रयोगशाळेतला, १९६० च्या आसपासचा. दोन्ही धातू आणि ती प्रयोगशाळा यांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘निटिनॉल’ हे नाव मिळाले. दात सरळ करायला जी तार लावतात, त्या तारेतून या पहिल्या फाइली कोरल्या होत्या. पोलादापेक्षा त्या दोन ते तीन पट लवचीक निघाल्या. कशाही वळणात घाला, वळतात. बाहेर काढा, सरळ होतात. कुरकूर नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट घात करते. पोलादाची फाइल थकली की बहुधा तसे दाखवते. तिचा पीळ कुठे तरी उलगडतो, त्या जागी चकाकता ठिपका दिसतो, ती वाकडी राहते. दंतवैद्य पाहतो आणि टाकून देतो. निटिनॉलची फाइल मात्र दोन तऱ्हांनी मरते. टोक नळीत अडकले आणि मूठ फिरतच राहिली, तर ती पिळवटून तुटते. त्यातही पीळ उलगडण्याची खूण बऱ्याचदा आधी दिसते. दुसरी तऱ्हा वाकून-वाकून तुटण्याची. तिची खूण डोळ्यांना दिसत नाही.

लहानपणी पक्कड सापडत नसली की आपण तार कशी तोडत होतो, आठवते? एकदा इकडे वाकवायची, एकदा तिकडे. दहा-वीस वेळा काही होत नाही, आणि मग पुढच्या खेपेला ती हातात येते. वळणावर फिरणाऱ्या फाइलचे असेच होते. तिची जी बाजू वळणाच्या बाहेर असते ती ताणली जाते. अर्धा फेरा होताच तीच बाजू आत येते आणि दाबली जाते. सेकंदाला पाच फेरे. एका नळीत दहा सेकंद धरले तर पन्नास, तीन नळ्यांत दीडशे. माझ्या दाढेपाशी येईपर्यंत त्या फाइलने कमीत कमी सहाशे वेळा हा ताण आणि दाब सोसला असणार. कुठे तरी पृष्ठभागावर एक सूक्ष्म चीर पडते, ती फेऱ्याफेऱ्याने आत सरकते, आणि बाहेरून फाइल नव्यासारखी दिसत राहते. वळण जितके तीव्र तितके आयुष्य कमी. आणि गंमत अशी की एकाच वळणात जाड फाइल बारकीच्या आधी तुटते. कारण जाडाला वाकताना ताण जास्त पडतो.

"पण तुम्ही त्या वाफेच्या यंत्रात घालता ना?" मी विचारले.

"त्यात जंतू मरतात, सर. चीर बुजत नाही."

काही नव्या जातीच्या फाइली कामानंतर वाकलेल्याच राहतात आणि यंत्रात उष्णता मिळाली की पुन्हा सरळ होतात. पाहणाऱ्याला वाटते, नवी झाली. ती सरळ झाली एवढेच. आधीचे फेरे तिच्या पोटात तसेच असतात. विश्रांती दिली तरी ते पुसत नाहीत.

हे ज्ञान दंतवैद्यांच्याही आधी रेल्वेने फार मोठी किंमत देऊन मिळवले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसे गेली. चांगले दिसणारे आस का मोडतात, हे कोडे पुढच्या दशकांत व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने सोडवले. त्याची रीत साधी होती: आसावर वाकवणारा भार ठेवायचा, तो फिरवत राहायचा आणि मोडेपर्यंत फेरे मोजायचे. जो भार आस एकदा सहज पेलतो, त्याहून पुष्कळ कमी भारानेही तो अनेक फेऱ्यांनंतर मोडतो, हे त्याने दाखवून दिले. धातुशास्त्रात या प्रकाराला सरळ ‘थकवा’ असेच नाव आहे.

म्हणून फाइल किती चांगली दिसते हे पाहून भागत नाही. ती कितव्यांदा वापरली जात आहे हे मोजावे लागते. एखाद्या फार वाकड्या नळीत वापरलेली फाइल एकदाच वापरून टाकून द्यावी, असे जाणकार सांगतात. इंग्लंडमध्ये २००७ साली तिथल्या आरोग्य खात्याने रूट कॅनलच्या फाइली एका रोग्यापुरत्याच वापराव्यात असे सांगितले. त्याचे कारण तुटण्याची भीती नव्हते, मेंदूच्या एका रोगाचा संसर्ग टाळण्याची खबरदारी होती. आपल्याकडे फाइल महाग आणि रोगी घासाघीस करणारा, त्यामुळे ती निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. त्यात गैर आहे असे नाही. गैर होते ते रेघा ओढायचे थांबवल्यावर, किंवा ओढलेल्या रेघांकडे पाहिनासे झाल्यावर.

‘कितवा’ या शब्दावर माझे फार प्रेम आहे. इंग्रजीत त्याला प्रतिशब्द नाही. ‘तू तुझ्या आईवडिलांचा कितवा मुलगा?’ याचे इंग्रजी करा, असे मी दर वर्षी वर्गात सांगतो. दर वर्षी मुले अडखळतात आणि मी मराठीचा विजय साजरा करतो. त्या दिवशी दवाखान्याचा जिना उतरताना प्रथमच मनात आले की शब्द आपल्याकडे आहे खरा, विचारण्याची सवय कुठे आहे? आपण विचारतो ‘कसे काय?’, आपण विचारतो ‘झाले का?’. समोरून ‘ठीक आहे’ असे आले की आपले समाधान होते. ‘कितव्यांदा?’ हे कोणी कोणाला विचारत नाही.

आणि मग मला ते दुधाचे पातेले आठवले.

२०२१ साली माझी आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती उठली नाही. दोन वर्षे अंथरुणात होती. दिवसा एक बाई यायच्या. रात्रीचे सगळे सौभाग्यवतींकडे. अंथरुणातल्या माणसाला पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अकराला, एकला, तीनला आणि पाचला ती उठायची. सकाळी सातला तिची शाळा असायची. मी मदत करत नव्हतो असे नाही. औषधे आणत होतो, डॉक्टरांशी बोलत होतो, आणि दर दोन-चार दिवसांनी तिला विचारतही होतो, "दमली नाहीस ना?" ती म्हणायची, "नाही हो, ठीक आहे." पाहायलाही ती ठीकच दिसायची. सणवार झाले, पाहुणे आले-गेले, सगळ्या वळणांतून ती वळली आणि सरळ झाली.

एका संध्याकाळी दूध उतू गेले. पातेल्याच्या कडेने जरासे ओघळले असेल, अर्धी वाटी. ती गॅस बंद करून स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडू लागली. ते रडणे अर्धा तास थांबेना. मी दारात उभा होतो, आणि मराठीचा प्राध्यापक, शब्दांवर पोट भरणारा मी, काय बोललो असेन?

"अगं, एवढ्याशा दुधासाठी?"

‘माझ्याच दाढेत कशी तुटली?’ या प्रश्नात आणि या वाक्यात काडीचाही फरक नाही. जो शेवटचा, त्याच्याच नावावर सारे खपते. आधीच्या चार दाढांचे रोगी केव्हाच घरी गेलेले असतात, चकल्या खात असतात. मी त्या रात्री हिशेब केला नव्हता. तो दवाखान्यातून परतताना चालता चालता केला. रात्री चार वेळा, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, वर्षे दोन. दोन हजार नऊशे वीस. तेवढ्या वेळा ती झोपेतून उठली होती. मी त्यांतल्या किती वेळा जागा झालो होतो, हा आकडा मला ठाऊक आहे, पण तो छापण्याजोगा नाही. आणि माझी दाढ ठणकली त्या एका रात्री मी सगळे घर उठवले होते.

आई २०२३ मध्ये गेली. पुढे घर हळूहळू सावरले. सौभाग्यवतींची झोपही परत आली. सगळे सरळ झाले असे मीही मानून चाललो होतो. पण सरळ झाले म्हणजे नवे झाले असे नाही, हे आता शिकलो आहे.

दाढेचे म्हणाल तर सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. मूळ शांत आहे. ती पांढरी रेघ तिथेच आहे आणि मी तिला आता घरातली समजतो. खर्चाचा मूळ आकडा मी पूर्ण दिला. ती घेईना, शेवटी मी मास्तरकीचा आवाज काढला तेव्हा घेतला. तिच्या टेबलावर हल्ली नव्या पाकिटांचा गठ्ठा दिसतो आणि प्रत्येकावर रेघेसाठी चौकट आखलेली असते. तुमच्यापैकी कोणी तशा खुर्चीत बसलात, तर ‘सवलत किती?’ च्या आधी ‘फाइल कितव्यांदा?’ असे जरूर विचारा. चांगला दंतवैद्य रागावणार नाही.

परवा गणपतीत घरी चकल्या केल्या. आमचा सोऱ्या आईच्या वेळचा, पितळी, दांडा फिरवायचा. तो मी मागून घेतला. पहिल्या तीन चकल्या स्वल्पविरामासारख्या तुटक पडल्या, चौथीला जरा आकार आला. फेरे मोजत होतो, म्हणून ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय? द्या इकडे, तुमचा हात दुखेल."

मी दांडा सोडला नाही. विचारले, "या सोऱ्यावर तुझं हे कितवं वर्ष?"

तिने कढईतली चकली उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "अठरावं."

आठवायला तिला एक क्षणही लागला नाही.